इमेजडीकोडरमधील प्रीमल्टिप्लायअल्फा पर्याय ब्राउझरमधून कसा काढावा

क्रोमची ९४ वी आवृत्ती २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आली आणि तिच्यासोबत वेबकोडेक्स हा चित्र, ध्वनी व व्हिडिओ उलगडण्याच्या सोयींचा संच वेबसाठी लिहिणाऱ्यांना उपलब्ध झाला. त्यातील इमेजडीकोडर हे साधन प्रतिमेचे बाइट घेते आणि एकेक फ्रेम उलगडून व्हिडिओफ्रेमच्या रूपात परत देते. ते तयार करताना एक डिक्शनरी, म्हणजे नाव आणि किंमत अशा नोंदींचा गट, द्यावी लागते. प्रतिमेचा प्रकार आणि तिचा डेटा या तिच्यातील आवश्यक नोंदी असून बाकीच्या ऐच्छिक आहेत. स्पेसिफिकेशनच्या सुरुवातीच्या मसुद्यांत या ऐच्छिक नोंदींमध्ये प्रीमल्टिप्लायअल्फा नावाचा, प्रतिमेच्या पारदर्शकतेशी संबंधित एक पर्याय होता आणि त्याला डीफॉल्ट, प्रीमल्टिप्लाय व नन या तीन किमती देता येत. पर्यायाचे नाव आणि त्याचा एनम (चालणाऱ्या किमतींची ठरावीक यादी), दोन्ही एचटीएमएलमधील क्रिएटइमेजबिटमॅप या आधीपासून असलेल्या फंक्शनशी जुळणारे होते. वेबकोडेक्सच्या पुढच्या मसुद्यांतून मात्र हा पर्याय वगळण्यात आला.

असा पर्याय ब्राउझरमधून काढायचा असेल तर कोणत्या क्रमाने काय करावे, हे या लेखात क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या मुक्त-स्रोत प्रकल्पाच्या, कार्यपद्धतीच्या आधारे मांडले आहे. हे काम क्रोमियममध्ये बदल पाठवणाऱ्या अभियंत्याचे असले तरी त्याची दुसरी बाजू संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे असते, म्हणून त्याने काय करावे हेही पुढे दिले आहे. वापर कमी आहे एवढ्या एका कारणावर पर्याय काढण्याचा निर्णय उभा राहू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे. उरलेल्या मोजक्या वापरकर्त्यांना तो पर्याय प्रत्यक्षात काय देत होता हे आधी कळले पाहिजे, कारण या प्रकारचा पर्याय काढला की त्यांना कोणतीही त्रुटी दिसत नाही, केवळ चित्राचे रंग बदलतात.

पर्याय नेमके काय करतो

पारदर्शकता असलेल्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या किमती आणि चौथी अल्फाची, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे याची, किंमत असते. या चारही किमती स्वतंत्र ठेवल्या तर ती साधी अल्फा होय. रंगाच्या तिन्ही किमतींना आधीच अल्फाने गुणून ठेवले तर ती प्रीमल्टिप्लाइड अल्फा होते. एका थरावर दुसरा थर चढवताना गुणलेल्या किमती सोयीच्या पडतात आणि पारदर्शक कडांजवळ काळसर किंवा पांढुरकी रेघ उमटत नाही, म्हणून कॅनव्हास आणि ग्राफिक्स कार्डाशी संबंधित पुष्कळ काम गुणलेल्या किमतींवरच चालते. पीएनजी फाइल मात्र न गुणलेल्या किमती साठवते.

गुणाकार उलटा फिरवताना माहिती हरवते. समजा लाल रंगाची किंमत २०० आणि अल्फा २५५ पैकी १० आहे. गुणाकारानंतर ७.८४ येतात आणि आठ बिटांत त्याचे ८ होतात. परत भागाकार केला की २०४ मिळतात. मूळ किंमत २०१ असती तरी गुणून ८ च आले असते आणि परत २०४ च मिळाले असते. अल्फा १ असेल तर १२० चे शून्य होते आणि २०० चे २५५ होतात. अल्फा शून्य असेल तर रंग पूर्णपणे पुसला जातो. डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रात याने फारसा फरक पडत नाही, कारण इतका फिकट पिक्सेल जवळपास दिसतच नाही. परंतु ज्यांनी प्रतिमेचा उपयोग चित्र म्हणून न करता आकडे वाहून नेण्यासाठी केला आहे, उदाहरणार्थ त्रिमितीय खेळातील पृष्ठभागाची दिशा किंवा भूभागाची उंची रंगांच्या किमतींमध्ये भरून अल्फामध्ये तिसरेच काही साठवले आहे, त्यांच्यासाठी हा फरक डेटा बिघडल्याइतका मोठा आहे. नन ही किंमत मागणारे बहुधा हेच लोक असतात. पर्याय काढण्याचा विचार सुरू करताना त्यांचा विचार सर्वांत आधी करावा.

नोंद काढणे आणि किंमत काढणे यांतील फरक

जावास्क्रिप्टमधून दिलेली डिक्शनरी ब्राउझर कशी वाचतो याचे नियम वेब आयडीएलमध्ये (ब्राउझरच्या साधनांचे वर्णन लिहिण्याच्या प्रमाण भाषेत) आहेत आणि काढून टाकण्याच्या कामाचे बहुतेक स्वरूप त्यांवरूनच ठरते. डिक्शनरीत ब्राउझरला माहीत नसलेली नोंद आली तर तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो. कोणतीही त्रुटी येत नाही. एनममध्ये नसलेली किंमत आली तर मात्र टाइपएरर येतो आणि कोड तेथेच थांबतो.

म्हणजे संपूर्ण नोंद काढली तर जुना कोड निमूटपणे चालत राहतो आणि त्याला डीफॉल्टनुसार मिळणारा निकाल मिळतो. नोंद ठेवून फक्त नन ही किंमत काढली, तर तोच कोड अपवाद फेकून बंद पडतो. पहिला मार्ग सौम्य वाटतो आणि बहुतेक वेळा तोच निवडला जातो, कारण पान कोसळत नाही. परंतु कोसळणारे पान मालकाच्या लगेच लक्षात येते आणि चुकीचे रंग दाखवणारे पान महिनोन्महिने तसेच राहू शकते. त्यामुळे पहिला मार्ग निवडल्यास तक्रारी आल्या नाहीत हा सर्व ठीक असल्याचा पुरावा मानू नये.

याखेरीज एक प्रश्न कोडला हात लावण्यापूर्वी सोडवावा लागतो. नोंद गेल्यानंतर सर्वांना कोणते वर्तन मिळणार, गुणलेले की न गुणलेले? क्रिएटइमेजबिटमॅपच्या बाबतीत डीफॉल्ट या किमतीचा अर्थ एचटीएमएलने ब्राउझरवर सोपवला आहे. इमेजडीकोडरचा निकाल मात्र व्हिडिओफ्रेममध्ये येतो आणि तिचे बाइट कॉपीटू या पद्धतीने थेट वाचता येतात. जे वाचता येते त्यावर कोणीतरी विसंबून राहते, म्हणून येथे ‘ब्राउझरने ठरवावे’ हे उत्तर पुरेसे नाही. नोंद काढणाऱ्या प्रस्तावातच उरणारे वर्तन एका वाक्यात स्पष्टपणे लिहावे आणि सर्व ब्राउझरांनी तेच पाळावे असा आग्रह धरावा.

वापर कसा मोजावा

क्रोमियममध्ये यासाठी यूज काउंटर नावाची सोय आहे. कोडमधील विशिष्ट ठिकाणी एक ओळ लिहिली की ज्या पानभेटीत ती ओळ एकदा तरी गाठली जाते त्या भेटीची नोंद होते आणि एकत्रित टक्केवारी क्रोमस्टेटस या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते.

डिक्शनरीतील नोंद मोजताना एक अडचण सहज नजरेतून सुटते. आयडीएलमध्ये नोंदीला डीफॉल्ट किंमत दिलेली असेल, तर आतल्या कोडला ती नोंद नेहमीच ‘आहे’ अशी दिसते, मग ती लेखकाने दिलेली असो वा नसो. अशा वेळी नोंद आहे का असे विचारून मोजल्यास इमेजडीकोडरचा प्रत्येक वापर मोजला जातो आणि आकडा निरर्थक ठरतो. म्हणून डीफॉल्टखेरीज दुसरी किंमत आली असेल तरच मोजावे, आणि शक्यतो प्रीमल्टिप्लाय व नन यांच्यासाठी वेगळे काउंटर ठेवावेत.

एवढ्यावर थांबू नये, कारण लेखकाने पर्याय दिला आणि त्या पर्यायाने निकालात फरक पडला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेपीईजी प्रतिमेत अल्फा नसतेच. तेथे हा पर्याय दिला काय आणि न दिला काय, पिक्सेल तेच राहतात. म्हणून आणखी एक काउंटर अशा जागी ठेवावा जेथे फ्रेम उलगडून झाली आहे, ती पूर्णपणे अपारदर्शक नाही हे कळले आहे आणि लेखकाने मागितलेले वर्तन उरणाऱ्या वर्तनाहून वेगळे आहे. या शेवटच्या काउंटरचा आकडाच खरा धोका सांगतो. इमेजडीकोडर डेडिकेटेड वर्करमध्येही चालतो आणि अवजड प्रतिमांचे काम बहुधा तेथेच केले जाते, त्यामुळे वर्करमधील वापर मोजला जात आहे ना, हे छोटे चाचणी-पान तयार करून स्वतः पडताळावे.

आता आकडा किती असावा? वेब सुसंगततेविषयी ब्लिंकच्या (क्रोमियममधील पाने दाखवणाऱ्या इंजिनच्या) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ढोबळ मापे दिलेली आहेत: पानभेटींच्या ०.१ टक्के हा वापर मोठा समजला जातो आणि ०.००१ टक्के हा लहान असला तरी नगण्य नाही असे मानले जाते. ०.००१ टक्के म्हणजे एक लाख भेटींमागे एक. जगभरच्या भेटींचा विचार केला तर या एकामागे कितीतरी माणसे उभी असतात, आणि ‘नगण्य नाही’ हे शब्द मला म्हणूनच योग्य वाटतात.

आकड्याच्या आत काय दडले आहे हेही पाहावे. एखादी लोकप्रिय लायब्ररी, म्हणजे अनेकांनी वापरायचा तयार कोड, हा पर्याय काहीही गरज नसताना प्रत्येक वेळी देत असेल, तर आकडा फुगतो. पण त्या एका लायब्ररीत दुरुस्ती पाठवली की तो उतरतो. याउलट सगळा वापर एकाच संकेतस्थळाचा असेल आणि त्याला खरोखर गरज असेल, तर सरासरी टक्केवारीतून ती गरज दिसणारच नाही. एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प २०१० पासून संकेतस्थळांची नियमित पाहणी करतो आणि त्याचा साठा बिगक्वेरी या गूगलच्या डेटा-सेवेत शोधता येतो. पर्यायाचे नाव त्या साठ्यात शोधल्यास कोणत्या स्क्रिप्टमध्ये तो येतो हे समजते. गिटहबवरील कोड-शोधही याच कामी येतो.

या साधनांना काय दिसत नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एचटीटीपी आर्काइव्हचा यंत्रमानव प्रामुख्याने मुखपृष्ठे उघडतो, लॉगिन करत नाही आणि कोणतीही फाइल अपलोड करत नाही. इमेजडीकोडरचा स्वाभाविक वापर मात्र चित्र संपादन करणाऱ्या किंवा जिफ फाइलच्या फ्रेम वेगळ्या काढणाऱ्या साधनांमध्ये होतो आणि तेथे वापरकर्त्याने फाइल निवडल्याशिवाय तो कोड चालतच नाही. यूज काउंटर प्रत्यक्ष वापर मोजतो, पण ज्या संस्थांनी वापराची आकडेवारी पाठवणे बंद ठेवले आहे तेथील संगणक त्यात येत नाहीत. इलेक्ट्रॉनवर बांधलेली डेस्कटॉप अॅप्स क्रोमियमच वापरतात, तरी त्यांचा वापर क्रोमच्या आकडेवारीत धरला जात नाही. या तिन्ही आंधळ्या जागा प्रस्तावात प्रामाणिकपणे लिहाव्यात.

कमी वापराचा अर्थ लावताना जेपीईजी एक्सएलचे उदाहरण मनाशी ठेवावे. या प्रतिमा-प्रकाराचे डीकोडिंग क्रोमच्या ९१ व्या आवृत्तीपासून एका फ्लॅगमागे (चालू-बंद करण्याच्या अंतर्गत सेटिंगमागे) ठेवलेले होते आणि तो फ्लॅग मुळात बंद असे. पुरेसा रस दिसत नाही हे एक कारण देऊन ते काढण्याचा निर्णय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला आणि ११० व्या आवृत्तीत तो कोड गेला. त्यावर मोठ्या प्रमाणात आक्षेप आले, आणि त्यांतील एक मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: जी गोष्ट सर्वसामान्य वापरकर्त्यासाठी कधी सुरूच केली नाही, तिचा वापर कमी आहे हा तिच्या निरुपयोगीपणाचा पुरावा होऊ शकत नाही. पुढे २०२३ मध्ये सफारीच्या १७ व्या आवृत्तीने त्याच प्रकाराला पाठिंबा दिला. प्रीमल्टिप्लायअल्फाची स्थिती वेगळी आहे, कारण तो इमेजडीकोडरसोबत सर्वांना उपलब्ध होता आणि तरीही तो क्वचितच वापरला गेला. म्हणून येथे कमी वापराच्या आकड्याला वजन आहे. आपल्या हातातील पर्याय या दोहोंपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावे.

स्पेसिफिकेशन आणि इतर ब्राउझर

वेबकोडेक्सचे काम डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मीडिया वर्किंग ग्रुपकडे आहे. पर्याय काढण्याचा मुद्दा प्रथम तेथे मांडावा आणि तो स्पेसिफिकेशनमधून वगळण्याचा बदल स्वीकारला गेल्यावर, किंवा निदान त्याला गटाची संमती दिसल्यावर, ब्राउझरमधील कामाला लागावे. क्रम उलटा केला तर काही काळ स्पेसिफिकेशन एक सांगते आणि ब्राउझर दुसरेच करतो, आणि नव्याने शिकणाऱ्याचा त्यात वेळ वाया जातो. फायरफॉक्सने इमेजडीकोडर १३३ व्या आवृत्तीत आणला, म्हणजे आता हा एकट्या क्रोमियमचा प्रश्न राहिलेला नाही. मोझिला (फायरफॉक्स) आणि वेबकिट (सफारीचे इंजिन) या दोघांकडे भूमिका मांडण्यासाठी जाहीर जागा आहेत. त्यांचे मत तेथे विचारून प्रस्तावात नोंदवावे.

वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या सामायिक चाचणी-संचातील आयडीएल फाइली स्पेसिफिकेशनवरून आपोआप अद्ययावत होतात, म्हणून त्या हाताने बदलण्याची आवश्यकता नसते. वर्तनाची चाचणी मात्र लिहावी लागते. त्यासाठी एक लहानसा पीएनजी तयार करावा, ज्यात रंग एकच, समजा २००, आणि अल्फा शून्यापासून २५५ पर्यंत चढत जाते. तो उलगडून कॉपीटूने बाइट वाचावेत. अल्फा १० असलेल्या जागी २०० आले तर किमती न गुणलेल्या आहेत आणि ८ आले तर गुणलेल्या आहेत. पर्याय दिलेला आणि न दिलेला, अशा दोन्ही वेळी निकाल तोच आला पाहिजे, हे चाचणीने सांगावे.

क्रोमियममधील प्रत्यक्ष काम

क्रोमस्टेटसवर काढून टाकण्याच्या प्रकारची नोंद तयार करावी आणि तिच्यावरून डेप्रिकेट (इशारा देऊन जुना ठरवणे) व रिमूव्ह करण्याचा इंटेंट, म्हणजे औपचारिक प्रस्ताव, ब्लिंक-डेव्ह या जाहीर ईमेल-यादीवर पाठवावा. एपीआय ओनर्सपैकी (अशा बदलांना मान्यता देणाऱ्या ब्लिंकमधील गटापैकी) तिघांची संमती मिळाल्याशिवाय बदल पुढे जात नाही. वापर अगदीच कमी असेल तर डेप्रिकेशन आणि रिमूव्हल एकाच इंटेंटमध्ये मागता येते. अन्यथा आधी काही आवृत्त्या इशारा दाखवून नंतर काढणे हेच योग्य. इंटेंटमध्ये वर सांगितलेले तिन्ही आकडे, आंधळ्या जागा, उरणारे वर्तन आणि पर्यायी मार्ग एवढे आले की वाचणाऱ्यांना दुसरे काही शोधावे लागत नाही.

इशारा दाखवायचा असेल तर ब्लिंकमधील डेप्रिकेशनच्या जेसन५ फाइलीत संदेश लिहावा आणि ज्या ठिकाणी मोजणी केली त्याच ठिकाणी तो द्यावा. हा संदेश डेव्हटूल्समध्ये दिसतो आणि रिपोर्टिंग एपीआय वापरणाऱ्या संकेतस्थळांपर्यंतही पोहोचतो. संदेशात ‘हा पर्याय काढला जाईल’ एवढेच लिहून भागत नाही. त्याऐवजी काय वापरावे हे त्याच वाक्यात यावे. ज्याला तो दिसेल त्याने हा कोड तीन वर्षांपूर्वी लिहिलेला असेल किंवा लिहिणारा दुसराच असेल, आणि त्याच्या हाती तेवढा एकच धागा असेल.

काढण्याचा बदल थेट करू नये. रनटाइम एनेबल्ड फीचर्सच्या फाइलीत एक फ्लॅग घालावा आणि आयडीएलमधील नोंद त्या फ्लॅगवर अवलंबून ठेवावी. फ्लॅग बंद झाला की बाइंडिंगचा (जावास्क्रिप्ट आणि आतील कोड जोडणारा) कोड ती नोंद वाचतच नाही, म्हणजे स्पेसिफिकेशनमधून गेलेल्या नोंदीसारखेच वर्तन मिळते. स्थिर आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचल्यावर काही मोठे बिघडलेले आढळले, तर नवी आवृत्ती न काढता हा फ्लॅग दूरवरून परत सुरू करता येतो. म्हणून इमेजडीकोडरच्या आतील जुना मार्ग या टप्प्यावर जपून ठेवावा.

यानंतरची दस्तऐवजांची कामे लहान असली तरी विसरली जातात. एमडीएन या वेबविषयक संदर्भस्थळावरील पान आणि ब्राउझर-सुसंगततेचा डेटा यांत बदल पाठवावा. टाइपस्क्रिप्टच्या वर्णन-फाइलींतून ही नोंद गेली की तेथील लेखकांना फायदाच होतो, कारण ऑब्जेक्ट थेट लिहून दिला असेल तर अनोळखी नोंदीवर टाइपस्क्रिप्ट कंपाइल करतानाच आक्षेप घेते. ब्राउझर ज्याविषयी गप्प राहतो ते तेथे आधीच कळते.

संकेतस्थळ चालवणाऱ्याने काय करावे

आपल्या कोडमध्ये आणि वापरात असलेल्या लायब्ररींमध्ये पर्यायाचे नाव शोधावे. मिनिफाय केलेल्या (आकार कमी करण्यासाठी आवळलेल्या) फाइलींतही ते सापडते, कारण ब्राउझरला द्यायच्या नोंदीचे नाव सहसा लहान करता येत नाही. चालू संकेतस्थळावर रिपोर्टिंगऑब्झर्व्हर लावून डेप्रिकेशन प्रकारचे अहवाल गोळा केले की स्क्रिप्टचे नाव आणि ओळ क्रमांक मिळतो.

समोरचा ब्राउझर हा पर्याय वाचतो की नाही हे आवृत्ती क्रमांकावरून ठरवू नये. त्यासाठी डिक्शनरीत या नावाचा गेटर (नोंद वाचली जाताच चालणारे फंक्शन) ठेवून तो बोलावला गेला का हे पाहण्याची पद्धत आहे. तिच्यात एक बारकावा आहे. ब्राउझर डिक्शनरीतील नोंदी इंग्रजी वर्णक्रमाने वाचतो आणि आवश्यक नोंद गहाळ दिसली की तेथेच त्रुटी देतो. डेटा ही आवश्यक नोंद प्रीमल्टिप्लायअल्फाच्या आधी वाचली जाते, म्हणून चाचणीत डेटा द्यावाच लागतो. एका बाइटचा अॅरे पुरतो. टाइप ही नोंद त्यानंतर वाचली जाते, म्हणून ती मुद्दाम वगळावी. मग गेटर वाचला जाईल किंवा जाणार नाही, त्यानंतर टाइपएरर येईल, तो आपण झेलायचा, आणि प्रत्यक्ष डीकोडर मात्र तयार होणार नाही. गेटरने अनडिफाइन्ड परत द्यावे, म्हणजे किंमत चुकीची असल्याची वेगळी त्रुटी उद्भवत नाही.

पर्याय सापडल्यावर त्याची गरज कशासाठी होती ते विचारावे. प्रतिमा जेपीईजी असतील किंवा त्यांत पारदर्शकता नसेल, तर ती ओळ खोडून टाकावी. दुसरे काहीही करावे लागत नाही.

एकच स्थिर प्रतिमा हवी असेल तर क्रिएटइमेजबिटमॅपला ब्लॉब (फाइलीचे बाइट धरणारा ऑब्जेक्ट) देऊन तेथे हाच पर्याय वापरता येतो, कारण त्या फंक्शनमधून तो गेलेला नाही. हलत्या प्रतिमेसाठी हा मार्ग चालत नाही. ते फंक्शन फक्त पहिली किंवा ठरलेली मूळ फ्रेम घेते.

वेबजीएलमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चित्र रेखाटण्याच्या ब्राउझरमधील सोयीत) पोत म्हणजे टेक्स्चर चढवण्यासाठी फ्रेम वापरली जात असेल, तर गुणाकार करायचा की नाही हे चढवतानाच पिक्सेलस्टोअरआयच्या प्रीमल्टिप्लाय-अल्फा या सेटिंगने सांगावे. येथे एक फरक लक्षात ठेवावा: स्रोत इमेजबिटमॅप असेल तर वेबजीएल हे सेटिंग विचारातच घेत नाही, आणि तेथे बिटमॅप तयार करताना दिलेला पर्यायच लागू होतो. वरील दोन्ही मार्ग एकत्र वापरणाऱ्यांना चुकीच्या कडा दिसतात त्या बहुधा यामुळेच. वेबजीपीयू या त्याच कामाच्या नव्या सोयीत बाहेरची प्रतिमा टेक्स्चरमध्ये उतरवताना लक्ष्याच्या वर्णनात प्रीमल्टिप्लाइड-अल्फा ही नोंद आहे आणि ती न दिल्यास न गुणलेले पिक्सेल लिहिले जातात.

ज्यांनी रंगांमध्ये आकडे भरून ठेवले आहेत त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की ब्राउझरच्या चित्र-यंत्रणेवर विसंबून राहू नये. रंगाचे रूपांतर, गुणाकार आणि कॅनव्हासमधून होणारा फेरा या प्रत्येक पायरीवर एखादा बिट बदलू शकतो, आणि उद्या दुसरा एखादा पर्याय बदलला की हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. असा डेटा अल्फाविरहित प्रतिमेत ठेवावा, किंवा साध्या बाइटच्या फाइलीत ठेवून अॅरेबफरमध्ये वाचावा, किंवा पीएनजीच ठेवायची असेल तर वेबअसेम्ब्लीमध्ये संकलित केलेल्या डीकोडरने ती उलगडावी. फाइलीचा आकार काहीसा वाढेल, पण वाचलेला आकडा लिहिलेल्या आकड्याशी जुळेल.

बदल करून झाल्यावर वर वर्णन केलेला चढत्या अल्फाचा पीएनजी आपल्या साधनातूनही एकदा फिरवावा आणि बीटा आवृत्तीत तोच निकाल येतो का ते पाहावे. तपासणी अल्फाच्या लहान किमतींवर, म्हणजे साधारण २० च्या खाली, करावी. २५५ च्या जवळ गुणलेल्या आणि न गुणलेल्या किमती इतक्या सारख्या दिसतात की चूक असूनही चाचणी पार पडल्यासारखी वाटते.

कोड साफ करताना

स्थिर आवृत्तीत पर्याय बंद होऊन काही आवृत्त्या गेल्या आणि तो परत सुरू करण्याची वेळ आली नाही, की फ्लॅग आणि त्यामागचा जुना मार्ग काढून टाकावा. हे काम पुढे ढकलले तर इमेजडीकोडरमध्ये कधीही न चालणारी एक शाखा राहते आणि तिच्याजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ती वाचावी लागते. आयडीएलमधील नोंद, आतील डीकोडरला पर्याय पोहोचवणारा पॅरामीटर, त्यासाठी लिहिलेल्या जुन्या चाचण्या आणि डेप्रिकेशनचा संदेश एकाच बदलात जावेत. एनमला मात्र हात लावू नये, कारण तो एचटीएमएलमधील आहे आणि क्रिएटइमेजबिटमॅप तो वापरत राहते. यूज काउंटरचे क्रमांक पुसायचे नसतात किंवा दुसऱ्या कामासाठी पुन्हा वापरायचेही नसतात, कारण जुन्या आवृत्त्यांकडून येणारी आकडेवारी त्याच क्रमांकाने येत राहते. त्यांच्या नावाला ऑब्सोलीट हा उपसर्ग लावून ते यादीत तसेच ठेवावेत, क्रोमस्टेटसवरील नोंदीत काढल्याची आवृत्ती भरावी आणि मीडिया वर्किंग ग्रुपमधील मूळ मुद्द्यावर तसे कळवावे.